वाचकांचे प्रश्न : दोन तासांच्या सवडीतले चित्र

प्रश्न : मी सेलू (जि. परभणी) येथे राहते आणि गेली अठरा वर्षे जलरंगात निसर्गचित्रे काढत आले आहे. दीड वर्षापूर्वी माझे पती अचानक गेले. पुढे सहा महिन्यांतच सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. शिकवण्या घेऊन मी घर चालवते. रंगांचा डबा तेव्हापासून उघडलेला नाही. दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरला होणाऱ्या एका समूह-प्रदर्शनासाठी माझ्याकडे पाच चित्रे मागितली आहेत. ‘अशात चित्रं कसली सुचतात?’ असे नातेवाईक म्हणतात आणि कधीकधी मलाही तसेच वाटते. मी काय करावे?

उत्तर : ताई, प्रदर्शनाचे आधी उरकून घेऊ. या खेपेला जमणार नाही, असे संयोजकांना दोन ओळींत कळवून मोकळ्या व्हा. दुःखातून थोर कला जन्मते, असे तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवले असेलच. मला त्या बोलण्याची चीड आहे. दुःखात बहुधा झोप उडते आणि हात जड होतो, एवढेच.

तुमची खरी अडचण वेळेच्या मापाची आहे, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. निसर्गचित्राला सलग तीन-चार तासांची बैठक लागते, आणि तुमचा दिवस तर दोन-दोन तासांत तुटलेला आहे. तेव्हा बैठक मिळेल तेव्हा काढू, असे म्हणत राहिलात तर डबा बंदच राहील. आपल्या घरोघरच्या बायका वाकळ शिवत आल्या, ती कधी सलग बसून शिवली गेली नाही. चार टाके घालायचे, सुई तिथेच खोचून चुलीकडे जायचे, परत आले की तिथूनच धावदोरा पुढे न्यायचा. मोडता आणि जोडता येईल, असे काम तुम्हाला हवे आहे.

हे मी लातूरमध्ये शिकलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी येऊ लागले, त्या दिवसांत घागरीसाठी रांगेत उभे राहून आल्यावर ब्रश धुवायला तांब्याभर पाणी घेण्याची मला लाज वाटे. जलरंग सुटले. तेव्हा शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी बॉलपेनने रांगेतल्या घागरी आणि त्यांच्या गळ्यांना बांधलेल्या चिंध्या काढत गेलो. त्यांतली बहुतेक चित्रे सामान्यच होती, पण पावसाळ्यानंतर पुन्हा ब्रश धरला तेव्हा हात परका झालेला नव्हता.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी मुळातच अधू होती. १९५०च्या दशकात डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. पुढे त्यांनी रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रे केली, कारण कागदाची कड बोटांना कळते. ती चित्रे त्यांच्या आधीच्या भित्तिचित्रांसारखी नाहीत, आणि त्यांनी तसा हट्टही धरला नाही.

तुम्हीही पोस्टकार्डाएवढे कागद कापून सासूबाईंच्या उशाशी ठेवा. एका वेळी एकच वस्तू घ्या : औषधाची बाटली, खिडकीचे गज, त्यांची चालणाऱ्या बाजूची बोटे. नातेवाइकांना उत्तर देत बसू नका. सासूबाईंना मात्र कागद दाखवा. आजारी माणसालाही दिवसभर आढ्याकडे पाहण्याचा कंटाळा येतो. ज्या दिवशी अंगात त्राण नसेल, त्या दिवशी झोपा.

राहिले रंग. दीड वर्षात ट्यूबा दगड झाल्या असतील, पण फेकू नका. जलरंगात बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक असतो आणि तो वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. ट्यूब ब्लेडने उभी चिरा, आतला खडा जुन्या झाकणात काढा, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी ओला ब्रश फिरवला की रंग सुटेल. अॅक्रिलिकच्या ट्यूबा असतील तर त्या तेवढ्या टाकून द्या, त्या भिजत नाहीत.