आठव्या महिन्यात पोट घट्ट होते, याच प्रसूतीच्या कळा असतात का?

बहुधा नाही. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय अधूनमधून आकसते. या खोट्या कळा अनियमित असतात आणि कूस बदलल्यावर, पाणी प्यायल्यावर किंवा थोडे चालल्यावर ओसरतात. खऱ्या कळा मात्र ठरावीक अंतराने येतात, त्यांच्यातील अंतर घटत जाते आणि जोर वाढत जातो. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी अशा नियमित कळा सुरू झाल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे.

छातीत जळजळ, वारंवार लघवी, पाठदुखी आणि उथळ झोप हे त्रास या काळात सर्रास होतात. झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपावे.

सर्वाधिक लक्ष बाळाच्या हालचालींकडे द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ‘दिवस भरत आले की बाळ कमी हलते’ हा समज घरोघरी ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार बदलू शकतो, मात्र ती मंदावल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक आलेली सूज ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात. रक्तस्राव झाल्यास किंवा पाणी गेल्यास, कळा नसल्या तरी, तातडीने निघावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.