बेळगावहून बेंगळूरला दौरा केला की शिपाई-क्लार्कच्याच खिशाला चाट का बसते? टीएचे, म्हणजे प्रवास भत्त्याचे, नियम सगळ्यांना सारखे नाहीत का?

सारखे नाहीत, आणि मला ते मुळीच पटत नाही. टीए बिलं तपासणं हेच माझं काम, म्हणून केंद्र सरकारी कार्यालयांपुरतं सांगतो.

2017 च्या आदेशात (पुढचे आकडेही त्यातलेच) जेवणाला दिवसाचे लेव्हल 5 पर्यंत, म्हणजे खालच्या पगारश्रेणींना, 500 रुपये, लेव्हल 14 आणि त्यावर 1200. बेंगळूरच्या मॅजेस्टिक भागात इडली-वड्याचा भाव काय लेव्हल बघून लावतात? खोलीला 450 आणि 7500.

पण बरेच पैसे बिल भरतानाच बुडतात. ते 450 पावतीशिवाय मिळतात. लॉजचं नाव आणि राहिल्याच्या तारखा स्वतः लिहून सही केली की झालं. बेंगळूर मात्र एक्स वर्गातलं, म्हणजे सर्वांत मोठ्या शहरांच्या गटातलं. तिथे लेव्हल 8 पर्यंत सगळ्यांना 1000 पर्यंत मिळतात, पण पावती जोडली तरच. शिपाई 800 च्या खोलीत राहतो, लॉजवाला वहीचं पान फाडून त्यावर नुसता आकडा लिहून देतो, आणि बिल 450 ला पास होतं. साडेतीनशे गेले. खोली सोडायच्या आधी छापील नंबराची, तुमचं नाव आणि आल्या-गेल्याच्या तारखा असलेली पावती मागून घ्या.

दुसरी चूक दिवस मोजण्यात. जेवणाच्या पैशांचा हिशोब मध्यरात्र ते मध्यरात्र असतो: त्या दिवशी सहा तासांच्या आत बाहेर असाल तर 30 टक्के, बारा तासांपर्यंत 70, पुढे पूर्ण. रात्री नऊच्या गाडीने निघालात, दुसरा दिवस कामात गेला, तिसऱ्या दिवशी सकाळी सातला परत आलात, तर 150 अधिक 500 अधिक 350, म्हणजे हजार होतात. लोक एकच दिवस धरून 500 लिहितात. तत्काळ तिकिटाचे जादा पैसेही मिळतात, तेही मागत नाहीत. आणि दौरा संपल्यापासून 60 दिवसांत बिल गेलं नाही तर हक्कच जातो.

महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात, आणि जानेवारी 2024 पासून तो 50 टक्क्यांवर गेलाय, तेव्हा वरचे 2017 चे आकडे न धरता चालू आकडा बघूनच भरा. जिल्हा पंचायतीत किंवा राज्याच्या शाळेत असाल तर यातलं काही लागू नाही, कर्नाटकचे नियम वेगळे.

"साहेबांचा दर्जा राखायला लागतो" हे मला नेहमी ऐकवतात. विमान द्या, खोलीही मोठी द्या. जेवणाचा दर तरी एकच ठेवा, आणि शिपायाला निघायच्या आधी ॲडव्हान्स हातात द्या.