वाचकांचे प्रश्न : गावासाठी काही करायचे आहे, पण नेमके काय?

प्रश्न : मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही उभयता राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीत कायमचे राहायला आलो आहोत. प्रकृती ठीक आहे, वेळही भरपूर आहे. समविचारी मंडळींना घेऊन एखादी सेवाभावी संस्था नोंदवावी असा विचार आहे. तिने कोणती कामे हाती घ्यावीत?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : संस्था नोंदवण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घटना, पदाधिकारी, लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाचे कागद यांत पहिले वर्ष सहज निघून जाते, आणि अध्यक्षपदावरून वाडीत दोन तट पडले की मूळ काम बाजूलाच राहते. शिवाय कोकणातल्या बहुतेक वाड्यांना आपापले मंडळ आणि त्याची मुंबई शाखा आधीपासूनच असते. उणीव असते ती ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी हजर राहणाऱ्या माणसांची.

आपल्यासारख्यांना सहज जमेल आणि ज्याची गरज घरोघर आहे असे काम म्हणजे वृद्धांची कागदपत्रे. मुले मुंबई-पुण्याला, घरात एकटी आजी, अशी घरे आपल्या वाडीतही असतील. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी निवृत्तिवेतनधारकांनी तो साधारणपणे नोव्हेंबरात द्यायचा असतो, आणि त्यासाठी एसटी पकडून तालुक्याच्या बँकेत गेल्यावर शेतात नि चुलीपाशी झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत म्हणून परत फिरावे लागते. आता ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहऱ्याच्या ओळखीने हा दाखला घरबसल्या काढता येतो. आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि मोबाइल एवढे जवळ असावे. आजींना माजघरातल्या अंधारात न बसवता ओटीवर उजेडाकडे तोंड करून बसवावे, चष्मा काढायला सांगावा आणि सूचना येताच डोळे मिटून उघडायला लावावेत. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून देणे हेही याच कामात येते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : कोणाचे पासबुक किंवा एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवून घेऊ नये, आणि ओटीपी टाकताना घरातले किंवा शेजारचे माणूस समोर असावे. गावात संशय यायला वेळ लागत नाही.

दुसरे काम अंगमेहनतीचे आहे. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा यांमुळे ते पाणी टिकत नाही आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पऱ्याची, म्हणजे लहान ओढ्याची, धार बारीक होण्यापूर्वी वनराई बंधारा घातला तर जवळच्या विहिरींचे पाणी अधिक काळ टिकते आणि परसातल्या भाजीलाही उपयोगी पडते. त्याला लागतात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती-वाळू, सुतळी आणि माणसे. गोणी तोंडापर्यंत न भरता थोडी सैल ठेवून शिवावी, म्हणजे ती खालच्या थरावर नीट बसते. वरच्या थराची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर यावी. जागा निवडताना कृषी सहायकांना अवश्य सोबत घ्यावे आणि ज्यांच्या जमिनीत पाणी तुंबेल त्यांची संमती आधीच घ्यावी. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा त्यांच्याकडून आर्थिक वर्गणीऐवजी रिकाम्या गोण्या मागून पाहा; हा आमचा थोडा खोडसाळ सल्ला आहे, पण पैशांच्या हिशेबावरून होणारे वाद त्याने टळतात.

प्रश्न : मी दापोलीला महाविद्यालयात शिकते. समुद्री कासवांच्या संवर्धनात मला भाग घेता येईल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अवश्य. वेळास आणि आंजर्ले येथे हे काम गावकऱ्यांच्या सहभागानेच उभे राहिले आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि कासवमित्र पहाटे किनारा पायाखाली घालून तिच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात. पिल्ले बाहेर यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च संरक्षण दिले असल्याने अंडी स्वतः हलवण्याचा मोह टाळावा; घरटे दिसल्यास जागा न उकरता वनविभागाला किंवा गावच्या कासवमित्राला कळवावे. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या कासव महोत्सवाच्या गर्दीत स्वयंसेवकांची गरज भासते, ती मुख्यतः पर्यटकांना दोरीमागे थांबवण्यासाठी आणि मोबाइलचे दिवे बंद करायला लावण्यासाठी, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात. वनविभागाच्या दापोली कार्यालयात हंगामापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, चौकशी करावी.