वाचकांचे प्रश्न : चौफुली संगणकात उतरवताना

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी धुळ्यातल्या एका सिग्नलच्या चौफुलीचं सिम्युलेशन सुमो या सॉफ्टवेअरमध्ये केलं. सकाळच्या गर्दीत प्रत्यक्षातली रांग शंभर मीटरच्या आत असते, संगणकात ती तीनशेवर जाते. मोटरसायकली एकामागे एक शिस्तीत उभ्या राहतात. मधूनच काही गाड्या गायबही होतात. कुठे चुकलं?
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : नकाशा धुळ्याचा घेतलात, पण वाहनं अजून जर्मनीच्या शिस्तीनं चालताहेत. सुमो हे जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेचं काम, 2001 पासून सर्वांना मोफत खुलं आहे. काही बदललं नाही तर त्यात एका लेनमध्ये शेजारी शेजारी दोन वाहनं मावतच नाहीत. मोटरसायकलची लांबी त्यात 2.2 मीटर आणि पुढच्या वाहनापासूनचं अंतर, म्हणजे मिनगॅप, 2.5 मीटर धरलेलं असतं. म्हणजे एका गाडीमागे 4.7 मीटर. अशा 20 गाड्यांची रांग 94 मीटर होते. आपल्याकडे त्याच 20 गाड्या एका लेनच्या रुंदीत तिघी-तिघी उभ्या राहतात, मध्ये अर्धा मीटर सोडतात, आणि सात ओळींत, जेमतेम 19 मीटरमध्ये बसतात. तुमची रांग फुगली ती इथे.

उपाय असा. लॅटरल रिझोल्यूशन हा लेनचे उभे अरुंद पट्टे पाडणारा पर्याय चालू करून 0.4 मीटर ठेवा. 3.2 मीटरच्या लेनचे आठ पट्टे पडतात आणि वाहनं फटीतून पुढे सरकू लागतात. मग दुचाकीच्या व्याख्येत बाजूचं अंतर मूळच्या 0.6 वरून 0.25 च्या आसपास आणा, मिनगॅप 0.5 करा, आणि लेनमधली जागा ‘मध्यभागी’ऐवजी ‘कुठेही’ अशी ठेवा. हे आकडे सुरुवातीपुरते. खरे आकडे तुमच्या चौकाच्या व्हिडिओतून मोजा. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून अर्धा तास चित्रण पुरतं. झेब्रा पट्ट्याची रुंदी आधी टेपनं मोजून घेतली, की पडद्यावरची अंतरं मीटरमध्ये काढता येतात.

रिक्षासाठी साधारण 2.6 मीटर लांब आणि 1.3 मीटर रुंद असा वेगळा प्रकार करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही वेगळा. कापसाच्या दिवसांत मोजणी करत असाल तर रुंदी ट्रॉलीची नव्हे, भरलेल्या मालाची घ्या. दोन्ही बाजूंना फुगलेली कापसाची गाडी शेजारची दुचाकीची फट बंद करते, आणि मॉडेलमध्ये नेमकं हेच दिसायला हवं.

एक चूक वारंवार होते. टाऊ, म्हणजे चालकाला पुढच्या वाहनामागे हवा असलेला वेळ, मूळचा 1 सेकंद असतो. आपले चालक जवळून चालवतात म्हणून तो 0.6 केला जातो, पण सिम्युलेशनचं पाऊल, म्हणजे संगणक किती वेळानं नवा हिशेब करतो ते, 1 सेकंदाचंच राहतं. मग वाहनं एकमेकांवर आदळतात. पाऊल टाऊपेक्षा मोठं नसावं, म्हणून ते 0.5 किंवा त्याहून कमी करा. संगणक मंदावेल, त्याला इलाज नाही.

दुसरी चूक पीसीयूची, म्हणजे एक वाहन किती कारइतकं धरायचं त्या आकड्याची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या आयआरसी 106 मध्ये प्रत्येक वाहनाचा कारच्या तुलनेतला भार दिला आहे. कागदावरच्या क्षमतेच्या हिशेबासाठी तो ठीक. सिम्युलेशनला मात्र खऱ्या गाड्यांची संख्या प्रकारानुसार द्या. ट्रकचा आकार आणि संथपणा मॉडेलमध्ये आहेच, वरून पीसीयूनं गुणलंत तर तो दोनदा मोजला जातो.

गायब होणाऱ्या गाड्यांचं उत्तर सोपं आहे. 300 सेकंद जागेवर अडकलेलं वाहन सुमो उचलून पुढे ठेवतं. ही सोय बंद करून चूक झाकू नका. सूचनांच्या यादीत कोणत्या लेनवर हे घडतं ते पाहा आणि नेटएडिट या सुमोच्या नकाशा-संपादकात त्या लेनचे वळणाचे जोड तपासा. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा घेताना डावीकडून वाहतूक हा पर्याय द्यायचा राहिला असेल, तर अख्खी चौफुली उलटी बसते. सिग्नलच्या वेळाही सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडू नका. चौकात उभं राहून स्टॉपवॉचनं किमान दहा फेऱ्या मोजा.

प्रश्न : मार्गदर्शक विचारतात, ‘तुमचं मॉडेल बरोबर आहे कशावरून?’ मोजलेली आणि संगणकातली वाहनसंख्या जुळते एवढं उत्तर पुरेसं आहे का?
– एक संशोधक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : नाही. रस्ता तुंबलेला नसेल तर आत घातलेली वाहनं बाहेर पडणारच, ती जुळली यात विशेष काय?

मुळात मोजणी कुठे उभं राहून केलीत, ते आधी पाहा. गर्दीच्या वेळी सिग्नलच्या थांबरेषेवर मोजलंत तर हिरव्या दिव्यात जेवढी सुटली तेवढीच वाहनं मिळतात. मागे अडकलेली मागणी त्यात येत नाही. म्हणून मोजणारा माणूस रांगेच्या शेपटामागे उभा करा. आठवडे बाजाराचा दिवस आणि लग्नाची दाट तीथ वेगळी नोंदवा, साध्या दिवसाच्या सरासरीत मिसळू नका.

संख्येसाठी जीईएच ही कसोटी वापरतात. दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग करा, तो दुप्पट करा, दोन्ही आकड्यांच्या बेरजेनं भागा आणि वर्गमूळ काढा. ताशी 820 मोजली आणि मॉडेलनं 700 दिली, तर उत्तर 4.35. बहुतेक ठिकाणी, म्हणजे 85 टक्के जागी, ते 5 च्या आत असावं असा संकेत आहे. ही कसोटी ताशी आकड्यांसाठी आहे. तेच प्रमाण 15 मिनिटांच्या आकड्यांत, म्हणजे 205 आणि 175, घातलंत तर 2.18 येतं, बरोबर निम्मं. मॉडेल न सुधारताच निकाल सुधारतो. असे प्रबंध पास होतात याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण पुढे त्याच आकड्यांवर खरा सिग्नल बसू शकतो.

खरी परीक्षा अशा मापाची, जे मॉडेल जुळवताना वापरलंच नव्हतं. संख्येवर जुळवलं असेल तर रांगेची लांबी आणि प्रवासाचा वेळ तपासा. एका दिवसावर जुळवा, दुसऱ्या दिवसावर पडताळा.

शिवाय सिम्युलेशनच्या एकाच फेरीवर विसंबू नका. सुमोमध्ये यादृच्छिक आकड्यांचं सीड, म्हणजे ते जिथून सुरू होतात तो आकडा, ठरलेलं असतं. ते न बदलता पन्नास वेळा चालवलंत तरी तेच उत्तर येईल. वेगवेगळ्या सीडच्या दहा फेऱ्या घ्या, पहिली 15 मिनिटं रस्ता भरण्यासाठी सोडून द्या. समजा सरासरी विलंब 62 सेकंद आणि प्रमाण विचलन 9 आलं. चूक 5 टक्क्यांच्या, म्हणजे 3.1 सेकंदांच्या आत हवी असेल तर 1.96 (95 टक्के खात्रीचा आकडा) गुणिले 9, भागिले 3.1, त्याचा वर्ग. सुमारे 33 फेऱ्या लागतात.

प्रश्न : केळीची वाहतूक करतो. पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी वाहनं सुरत-नागपूर महामार्गावर कामाची ठरतील का?
– एक वाहनमालक, सावदा

उत्तर : मोकळ्या चौपदरी पट्ट्यात ठरतील, गावाजवळ त्रास देतील. हिशेब पाहा. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. यंत्रणा दीड सेकंदाचं अंतर आणि वर 2 मीटर राखत असेल तर पुढे 24.5 मीटर मोकळे राहतात. त्या जागेत दुचाकी शिरते, अंतर अचानक अर्धं होतं, गाडी ब्रेक मारते, मागचा ट्रकही मारतो. अंतर 0.8 सेकंदावर आणलं तर जागा 14 मीटर उरते, घुसणारे कमी होतात, पण भरल्या ट्रकला थांबायला तेवढं पुरत नाही. म्हणून गर्दीच्या पट्ट्यात ती बंद ठेवून स्वतः चालवावं, असंच आमचं मत आहे.

दुसरा धोका रात्रीचा. अनेक रडार यंत्रणा वेगात असताना जागेवर उभ्या वस्तूंकडे दुर्लक्ष करतात, नाहीतर प्रत्येक खांबाला पाहून ब्रेक लागतील. रस्त्याच्या कडेला बिनदिव्याची उभी ट्रॉली त्यामुळेच निसटते. तुमच्या ट्रकमागे आणि ट्रॉलीमागे परावर्तक पट्टी लावा. यंत्राला नसली तरी मागच्या चालकाच्या डोळ्यांना ती दिसते.

कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्रणांना आपले रस्ते शिकवायचं काम मात्र सुरू झालं आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या पुढाकारानं तयार झालेल्या भारतीय रस्त्यांच्या चित्रसंचात 10,000हून अधिक चित्रं आहेत, आणि रिक्षाला त्यात स्वतंत्र वर्ग आहे.

प्रश्न : शाळेत संगणक दोनच. नववीच्या मुलांना कोंडी कशी तयार होते ते दाखवता येईल का?
– एक शिक्षक, शहादा

उत्तर : चौकटीची वही, मक्याचे दाणे आणि एक फासा पुरे. नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी 1992 मध्ये मांडलेलं मॉडेल इतकं साधं आहे.

30 चौकटींचं कडं काढा. एक चौकट 7.5 मीटर, एक डाव 1 सेकंद. प्रत्येक दाण्याजवळ त्याचा वेग पेन्सिलीनं लिहा : 0, 1 किंवा 2. प्रत्येक डावात वेग एकनं वाढवा, 2 च्या वर नाही. पुढे जेवढ्या चौकटी रिकाम्या असतील त्यापेक्षा वेग जास्त असेल तर तेवढा कमी करा. मग फासा टाका, 1 किंवा 2 पडला तर वेग आणखी एकनं घटवा, शून्याखाली नको. शेवटी दाणा तेवढ्या चौकटी पुढे सरकवा.

मुलं हमखास चुकतात ती एका जागी. पहिला दाणा सरकवून मग दुसऱ्याचा वेग ठरवतात, आणि खेळ बिघडतो. आधी सगळ्या दाण्यांचे वेग लिहून व्हावेत, मगच सगळे सरकावेत.

आधी 6 दाणे घ्या. वाट मोकळी मिळाली की दाण्याचा सरासरी वेग सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर भरतो. मग 15 दाणे ठेवा. कुठे अपघात नाही, कुठे सिग्नल नाही, तरी फाशाच्या एखाद्या 1 मुळे एक दाणा थबकतो, मागचा थांबतो, त्याच्या मागचा थांबतो. प्रत्येक डावानंतर थांबलेल्या दाण्यांच्या चौकटी लाल पेन्सिलीनं रंगवा आणि पुढचा डाव खालच्या ओळीत उतरवा. पंचवीस-तीस ओळी झाल्या की दाणे पुढे जात असतानाही लाल पट्टा तिरपा मागे सरकलेला मुलांना वहीतच दिसेल.