"हे बारावीत झालंय ना?"

प्रिय मुली,

काल नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची बस गाठायच्या घाईत निघालीस आणि एम-वनची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताची, वही माझ्याकडेच राहिली. रात्री ती चाळली, म्हणून हे पत्र.

कॉलेजात सरांनी विचारलं, "हे बारावीत झालंय ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या, तूही डोलावलीस आणि तिथून पुढचा अख्खा तास डोक्यावरून गेला, असं म्हणालीस. हेच वाक्य मीही वर्षानुवर्षं फळ्याकडे तोंड करून म्हटलंय गं. पोर्शन संपवायचा असतो, वर्ग भरलेला असतो आणि मान डोलली की आपल्याला ते खरं वाटतं. त्या भरवशावर कितीतरी मुलांना मागे टाकून मी पुढे गेले, याची टोचणी अजून आहे. सर तुला कमी लेखत नाहीत. तुझं कुठे अडलंय, ते त्यांना दिसतच नाही.

मला वहीत दिसलं. एक्स वर्ग भागिले कंसात एक्स अधिक एक, याचं डेरिव्हेटिव्ह. भागाकाराचा नियम तू अचूक लावलास: वर दोन एक्स गुणिले कंसात एक्स अधिक एक, त्यातून वजा एक्स वर्ग, खाली त्याच कंसाचा वर्ग. इथपर्यंत पैकीच्या पैकी. पुढच्या ओळीत वरचा कंस खालच्या एका कंसाशी काटलास. पण तो कंस फक्त पहिल्या पदात आहे, वजा केलेल्या एक्स वर्गात नाही. सगळ्या अंशाचा अवयव असेल तरच काटता येतं. एक्सच्या जागी १ घालून बघ. काटण्याआधीच्या ओळीतून पाऊण येतं, नंतरच्या ओळीतून अर्धा. शंका आली की असा एखादा आकडा घालायचा. चूक कोणत्या ओळीत शिरली, ते लगेच कळतं.

पुढच्या तीन पानांवर चार चुका आहेत, चारही याच जातीच्या. कॅल्क्युलस तुला येतं. कच्चं राहिलंय ते आठवीतलं अवयव पाडणं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीत ते झाकलं गेलं. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, समोर चार पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. पर्यायात किंमत घालून उत्तर काढणं तुला छान जमतं, तेवढ्यावर निभावलं. आता कॉलेजच्या पेपरात पायऱ्या लिहायच्या आहेत.

तेव्हा बालभारतीचं आठवीचं गणित काढ. ई-बालभारतीवर फुकट मिळतं. विस्तार सूत्रे आणि बैजिक राशींचे अवयव, एवढी दोनच प्रकरणं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलीस, तर मराठीतूनच कर. अंश-छेद हातात बसले की न्यूमरेटर-डिनॉमिनेटर म्हणायला वेळ लागत नाही.

बसमध्ये मैत्रिणींसमोर ते पुस्तक काढायची लाज वाटेल, हे मला माहीत आहे. पण आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना ६१७४ हा आकडा सापडला तो साध्या वजाबाकीतून. चार अंकी कोणतीही संख्या घे, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरते मांड, चढते मांड, मोठीतून लहान वजा कर, उत्तराचं (तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून) पुन्हा तेच कर. ३५२४ घेतलेस तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात वेळांत तिथे पोचतेसच. जगभरचे गणिती आज त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात, आणि त्यातली वजाबाकी प्राथमिक शाळेतली आहे.

आणि सरांकडे जा. मात्र "काहीच कळलं नाही" असं म्हणू नकोस. त्यावर कोणताही शिक्षक तोच धडा पुन्हा, थोड्या मोठ्या आवाजात सांगतो. वही उघडून बोट ठेव: "सर, या ओळीवरून या ओळीवर कसे आलो?" दोन मिनिटांचं काम आहे. अशी दोन-तीन मुलं आली की सर पुढच्या तासाला त्या ओळीवर आपणहून थांबतील. मी थांबू लागले ती अशाच एका मुलामुळे.

बुधवारी दुपारी घरीच आहे. वही न्यायला ये. येताना विस्तार सूत्रांच्या प्रकरणातली उदाहरणं सोडवून आण, आणि चुकलेल्या ओळी खोडू नकोस, मला त्याच बघायच्या आहेत.

तुझी,
मॅडम