कँटीनच्या खिडकीत काय ठेवलंय?

(आहारविषयक प्रश्नोत्तरं. या वेळी सोलापूरहून आलेली दोन पत्रं एकत्र घेतली आहेत. एक शाळकरी मुलाच्या आईचं, दुसरं शाळेचं कँटीन चालवणाऱ्या ताईंचं.)

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा, यंदा नववीत गेला. उंची 160 सेंटिमीटर, वजन 72 किलो. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळायची, वर मी डबा द्यायची. आता सकाळी साडेसहाला क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. डबा नको म्हणतो, पैसे मागतो. मोठ्या सुट्टीत कँटीनचा वडापाव आणि कोल्ड्रिंक, संध्याकाळी बेकरीतलं पॅटिस. शर्ट दर दोन-तीन महिन्यांनी घट्ट होतो. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, नजर लावू नकोस. जाऊबाई म्हणतात, थायरॉईड असणार. त्याचा भात बंद करून रात्री नुसतं सूप देऊ का? आणि मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा आलाय, कितीही घासलं तरी निघत नाही. त्यासाठी काय लावावं? — एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मानेचं तुम्ही शेवटी लिहिलंत, मी आधी तेच घेते. तो मळ नाही. घासणी, लिंबू, बेसन, काहीही लावू नका, कातडी सोलेल आणि पट्टा तसाच राहील. उजेडात बघा, तिथली त्वचा नुसती काळी नाही, जाडसर झालेली दिसेल आणि बोट फिरवलं तर मखमलीसारखी लागेल. काखेतही असण्याची शक्यता आहे. अंगात चरबी वाढली की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणि त्या जास्तीच्या इन्शुलिनमुळे मानेवरची, काखेतली त्वचा अशी वाढते. याचा अर्थ त्याला मधुमेह झालाय असा नाही. पण शरीर त्या दिशेला निघालंय, हे त्याच्या मानेवर लिहिलेलं आहे. आत्ता दिसलं हे चांगलंच झालं, कारण या वयात ते मागे फिरवता येतं.

तेव्हा सूप वगैरे नंतर, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. सिव्हिलच्या बालरोग विभागात दाखवलं तरी चालेल. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, यकृतासाठी एसजीपीटी आणि रक्तदाब एवढं बघून घ्या. तो झोपेत जोरात घोरतो का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, हेही डॉक्टरांना सांगा. आणि कधी गुडघा किंवा जांघ दुखून लंगडायला लागला तर ‘वजनामुळे दुखतंय’ म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा. वजनदार मुलांमध्ये वाढीच्या वयात खुब्याचं हाड जागेवरून सरकू शकतं आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं.

त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 28च्या वर येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015चे वाढीचे तक्ते आहेत, त्यावर मुलग्यांसाठी वयानुसार लठ्ठपणाची रेघ आखलेली आहे. तुमचा मुलगा त्या रेघेच्या वर आहे. सासूबाईंची माया मी समजू शकते, पण हे अंगावरचं बाळसं राहिलेलं नाही. थायरॉईडचं म्हणाल, तर ते कमी पडतं तेव्हा मुलांची उंचीही खुंटते. तुमच्या मुलाची उंची वयाला साजेशी आहे. डॉक्टरांना वाटलं तर तपासतील, पण आशा तिथे लावून बसू नका.

आता भात. बंद करू नका. चौदाव्या वर्षी मुलगा उंच होत असतो, हाडं आणि स्नायू भरत असतात. त्याला रात्री सुपावर झोपवलंत तर दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत तो एकाऐवजी दोन वडापाव खाईल, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल. या वयात आपण बहुतेक वेळा वजन आहे तिथे थोपवून धरतो आणि उंचीला वाढू देतो. त्याचं थोडं उतरवायला हवं का, किती, ते तपासण्या बघून डॉक्टर ठरवतील. कुठलीही पावडर, कुठलंही सात दिवसांचं डाएट त्याला देऊ नका.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाटलं ते खिचडीचं वाक्य. सरकारी आणि अनुदानित शाळांत पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. नववीत ते ताट बंद होतं, नेमकी तेव्हाच भूक वाढलेली असते, खिशात पैसे येतात आणि समोर कँटीनची खिडकी असते. 250 मिलिलिटर कोलामध्ये साधारण 26 ग्रॅम साखर असते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसभरासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादाच 25 ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे घरचा चहासुद्धा न मोजता त्याचा दिवस एका बाटलीत संपला. फळांच्या रसाच्या नावानं जी छोटी खोकी मिळतात, त्यांतही साखर जवळपास तेवढीच असते, तो पर्याय धरू नका.

साडेसहाला निघणाऱ्या मुलाला पोटभर नाश्ता जात नाही. हातात देता येईल असं द्या. उकडलेलं अंडं, किंवा गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू आणि कपभर बिनसाखरेचं दूध. आणि डब्याचं त्याला एकदा शांतपणे विचारा, नको का म्हणतोस. माझ्याकडे येणारी बरीच मुलं सांगतात की पोळी-भाजी आवडत नाही असं नाही, पण सुट्टीत मांडी घालून डबा सोडायला वेळ नसतो आणि मित्र खिडकीपाशी उभे असतात. मग उभ्याउभ्या खाता येईल असं द्या. ज्वारीचं मऊ धपाटं करून त्याला आतून दही-शेंगाची चटणी लावायची आणि गुंडाळी करून कागदात द्यायची. चटणी चमचाभर पुरे, शेंगदाणा पौष्टिक असला तरी तेलाचा आहे. दुसरी गुंडाळी संध्याकाळच्या क्लासआधी, म्हणजे पॅटिसची वेळ येत नाही.

आणखी एक, आणि हे आहारतज्ज्ञानं सांगायचं नाही असं तुम्हाला वाटलं तरी मी सांगणार. दोन क्लासपैकी एक सुटतो का बघा. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज तासभर दमवणारा खेळ सांगते, आणि झोप आठ ते दहा तास लागते. तुम्ही लिहिलेल्या दिवसात हे दोन्ही बसायला जागाच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी मैदानावर पाय ठेवता येत नाही, खेळ व्हायचा तो संध्याकाळी, आणि संध्याकाळ क्लासला गेली. त्याच्या वजनावर घरात, पाहुण्यांसमोर कुणी बोलणार नाही, एवढं मात्र आजपासून पाळा. लाडानं मारलेली ‘जाड्या’ हाकसुद्धा नको. अशी मुलं मग लपून खायला लागतात.

पालक म्हणून शाळेला विचारायचा हक्क तुम्हाला आहे. राज्य सरकारनं मे 2017मध्येच शाळांच्या कँटीनमध्ये चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक, केक-पेस्ट्रीसारखे पदार्थ ठेवू नयेत असा निर्णय काढलाय. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे 2020चे नियम त्यापुढे जातात. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेलं खाणं शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचं नाही. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या, चार पालकांच्या सह्या घेऊन. दखल घेतली नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येतं.

प्रश्न : आमच्या बचत गटाला जूनपासून एका शाळेचं कँटीन मिळालंय. आधीचे चालक चिप्स आणि कोल्ड्रिंक ठेवायचे. मुख्याध्यापकांनी आम्हाला सांगितलं, आरोग्याचं ठेवा. आम्ही मोडाची मटकी, काकडी-गाजर, पोहे ठेवले. मुलं तोंड वाकडं करतात आणि फाटकाबाहेरच्या गाड्यावर जातात. मटकी रोज उरते. भाडं आधीच्या चालकांइतकंच आहे, ते निघत नाही. काही बायका म्हणतात, कोल्ड्रिंक ठेवूया. काय करावं? — बचत गटाच्या एक ताई, अशोक चौक

उत्तर : ताई, कोल्ड्रिंक ठेवू नका, आणि मटकीची थंड वाटीही ठेवू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या भुकेल्या मुलाला गरम हवं, झणझणीत हवं, कुरकुरीत हवं आणि घंटा व्हायच्या आत हातात हवं. ही मागणी वाजवी आहे. चिप्सवाल्यांनी ती ओळखली, आपणही ओळखू.

सुशीला करा. तुमच्या गटातल्या प्रत्येकीला ती येत असणार. चुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, शेंगदाणे, कांदा, मिरची, कढीपत्त्याची फोडणी, वर डाळव्याचं पीठ. आणि जी मटकी उरते, ती वाफवून यातच परता. मुलं चुरमुऱ्यांबरोबर मटकी खातात, नुसती खात नाहीत. कोरड्या चुरमुऱ्यांची भेळ करून त्यात कांदा, टोमॅटो, मटकी आणि चिमूटभर शेंगाची चटणी घातली तरी तेच साधतं. वड्याची सवय एकदम मोडायला जाऊ नका. बटाटेवड्याचंच सारण करा, त्यात किसलेलं गाजर आणि वाफवलेले मटार घाला, बेसनात बुडवून आप्पेपात्रात थेंब-थेंब तेलावर दोन्हीकडून खरपूस करा. बाहेरून कुरकुरीत लागतो, आणि कढईतला वडा जितकं तेल पितो त्याच्या अगदी थोड्यावर काम होतं. इडली आहेच, आपल्याकडच्या तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं ती मागूनच घेतील.

चिप्सच्या जागी कडक भाकरी. ज्वारीची, बाजरीची, तुकडे करून कागदाच्या पुड्यात, सोबत चटणीची छोटी पुडी. आठवडेच्या आठवडे टिकते, शाळेत शिजवायला लागत नाही, उरली तर वाया जात नाही. तुमच्याच गटातल्या कुणी घरी करत असतील तर नफाही बाहेर जात नाही. थंडीत उकडलेल्या शेंगा, पेरू, हुरडा, डाळिंबाचे दाणे.

कोल्ड्रिंकचं गणित मात्र पदार्थांनी सुटणार नाही. तुम्ही एकदा शाळेच्या टाकीच्या नळाखाली दुपारी हात धरून बघा. मार्च उजाडला की ते पाणी कोमट असतं, पुढे चक्क गरम. मुलं बाटली घेतात ती बऱ्याचदा गोडासाठी नव्हे, गारव्यासाठी. खिडकीशेजारी माठ किंवा कूलर ठेवायला शाळेला सांगा, पाणी फुकट, आणि तुमच्याकडे गार ताक, जिरं-कोथिंबीर घालून, मीठ बेतानं. उन्हाळ्यात पन्हं, गूळ कमी.

आता भाडं. आधीचे चालक ते भाडं कोल्ड्रिंक आणि चिप्सच्या जोरावर काढत होते. शाळेला आरोग्याचं कँटीन हवं असेल आणि भाडंही तेच हवं असेल, तर शाळेनं दोन्हीपैकी काय हवं ते ठरवायला हवं. हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही, मुख्याध्यापकांना असंच सांगा. पहिल्या सत्रापुरतं भाडं कमी करून मागा. कँटीन ही त्यांच्या शाळेची जबाबदारी आहे, वर्गासारखीच. सीबीएसईनं मे 2025मध्ये आपल्या शाळांना साखरेचा फलक लावायला सांगितला, कुठल्या पेयात किती साखर ते मुलांना दिसेल असा. तुमची शाळा राज्य मंडळाची असली तरी तो लावायला कुणाची परवानगी लागत नाही. विज्ञानाच्या बाईंना विचारा, मुलं स्वतः करतील.

बाहेरच्या गाडीवाल्याशी भांडू नका. 50 मीटरचा नियम राबवणं शाळेचं आणि प्रशासनाचं काम आहे, तुमचं नाही. त्याच्याशी बोलता आलं तर बोला, उकडलेलं कणीस आणि कापलेली फळं तोही विकू शकतो.

एफएसएसएआयची नोंदणी केली नसेल तर ती आधी करा. जे थोडंफार तळाल त्याचं तेल काळपट झालं, फेस धरायला लागलं किंवा लवकर धुरायला लागलं की टाकायचं, त्यात नवं तेल घालून पुढे ढकलायचं नाही. आणि रोज काय किती खपलं आणि काय उरलं हे वहीत लिहून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे भाड्याचं बोलायला जा. मलाही त्याची झेरॉक्स पाठवा. कुठला पदार्थ चालत नाही ते बघून पुढचं सत्र आपण मिळून बसवू.