वाचकांचे प्रश्न: जुनी गाडी, थोडे पैसे आणि सुरुवात कुठून?

प्रश्न: वडिलांची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी नऊ वर्षं झाकून उभी आहे. रंग पार उडालाय, दाराखाली गंज दिसतोय. एकदम मोठा खर्च झेपणार नाही, महिन्याला थोडं थोडं करू शकतो. घरचे म्हणतात आधी रंग मारून घे. काय करू?

उत्तर: घरच्यांची इच्छा कळते मला, पण रंग सगळ्यात शेवटी. आज रंग मारला आणि उद्या पत्रा कापून वेल्डिंग करायची वेळ आली तर तो पैसा गेलाच ना.

आणि कृपा करून बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका! आधी प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं इंजिन ऑईल सोडा, एखादा दिवस मुरू द्या आणि मग पान्याने इंजिन हाताने फिरवून बघा, कारण पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटल्या असतील आणि तुम्ही जोर केलात तर जे काम साफसफाईत भागलं असतं ते इंजिन खोलण्यावर जाईल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचा डिंकासारखा चिकट थर होतो आणि कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकं, बुजतात. रबरी पेट्रोल पाइप नवे घाला, तेही इथेनॉल चालणारे, कारण आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आगीलाच आमंत्रण.

पहिला खरा खर्च मात्र ब्रेकवर करा. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आतून गंज धरून चाकापाशी ब्रेक दाबणारे व्हील सिलेंडर जाम होतात, रबरी होज बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगलेले असतात. सगळं बदला, आणि पुढेही दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलत राहा. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 1214 असेल तर 2014 चा बारावा आठवडा. दहा वर्षांच्या वर गेलेला टायर मी तरी रस्त्यावर नेणार नाही.

गंजाचं म्हणाल तर दाराखालची पट्टी, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. लोहचुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टी भरलेली असणार. अख्खी गाडी एकदम खोलू नका हो, अर्धवट खोलून तशाच पडलेल्या गाड्या बघून जीव तुटतो. एका वेळी एकच काम घ्या, खोलताना फोटो काढा, नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा.

प्रश्न: माझी जुनी गाडी चालते, पण दिवे मंद होतात, हॉर्न कधी वाजतो कधी नाही. अख्खं वायरिंग बदलू का?

उत्तर: थांबा जरा, आधी अर्थिंग बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे जोडलीय तिथे आणि इंजिन ते बॉडी अशी जी पट्टी असते तिथे गंज आणि रंग घासून पत्रा लखलखीत करा, बोल्ट घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस लावा. जुन्या गाडीतले बरेचसे असे चाळे तिथेच थांबतात. वायरचं आवरण हात लावताच तुकडे होऊन पडत असेल तर मात्र वायरिंग बदलाच, आणि तोवर गाडी उभी करताना बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवत जा.